साखरेसाठी दिलेली पिशवी

२१ ऑगस्ट १९८६, पावस
मुंबईहून पासपोर्टचं पाकीट आलं. आत पासपोर्ट नाही, पत्र. माझं नाव, वडिलांचं नाव, हीच जन्मतारीख, अशा माणसाला पासपोर्ट मागच्याच वर्षी दिला आहे, खुलासा करा. मी तर पहिल्यांदाच अर्ज केला. मस्कतची नोकरी दिवाळीपर्यंत हजर झालो तरच.
पाकीट देताना पोस्टमन जरा जास्तच हसला. लक्षात ठेवायचं.

२३ ऑगस्ट
रत्नागिरीला एजंटाकडे. म्हणतो, "तुम्हीच आधी काढला असेल, विसरलात." पासपोर्ट म्हणजे काय छत्री आहे? शाळेच्या दाखल्याच्या दोन नकला त्याला दिल्या होत्या, फायलीत एकच दिसली. दुसरी म्हणे मुंबईला पाठवली. असेलही.

२४ ऑगस्ट
सगळे कागद तांदळाच्या डब्यात हलवले. आई म्हणाली, "दाखल्याला तांदळातले टोके लागतील." लागू देत. टोके पासपोर्ट काढत नाहीत.

७ सप्टेंबर
गणपती आले. शेजारच्या ताराकाकींचा विलास आला नाही. मुंबईत नोकरीला असलेला माणूस एरवी वर्षभर तोंड दाखवणार नाही, पण गणपतीला येतोच. काकी म्हणाल्या, "कंपनीनं रजा दिलीन नाय." कुठली कंपनी, विचारलं. त्यांना ठाऊक नाही. आरतीत त्यांचा आवाज लागेना.

८ सप्टेंबर
जेवता जेवता आठवलं. मागच्या वर्षीच्या मे महिन्यात विलासच्या बहिणीचं लग्न. साखर पुरेना म्हणून अख्ख्या वाडीची रेशनकार्डं गोळा केली. मी घाईत. कार्ड काढून द्यायचं सोडून कागदांची पिशवीच वि.च्या हातात दिली. दाखला, मॅट्रिकचं सर्टिफिकेट, सगळं त्यातच. चार दिवसांनी पिशवी परत आली, कागद जागच्या जागी, वर लाडवांची पुडी.
वि. मॅट्रिकला तीनदा नापास. बिनमॅट्रिकवाल्याला आखातात जायला परवानगीची केवढी कटकट.
लाडू चांगले झाले होते, असं मीच त्याला म्हणालो होतो. संताप येतो.

१० सप्टेंबर
चौकीत गेलो. जमादार म्हणाले, "संशय कोणावर?" नाव ओठांवर आलं होतं. पण पुरावा काय, लाडू? सोमवारी सांगतो म्हणालो.
उगाच एजंटाला आणि पोस्टमनला चोर ठरवलं. पोस्टमनचं हसणं मात्र अजून पटत नाही.

१२ सप्टेंबर
दुपारी काकी परदेशी पाकीट घेऊन पडवीत. त्यांना वाचता येत नाही, त्यांची पत्रं मीच वाचतो, मीच लिहितो.
"सुदा, विलासचा कागद हाय. वाच रे."
पाकिटामागे पाठवणाऱ्याचं नाव माझं. वडिलांसकट. खाली मस्कतचा पत्ता. आतलं अक्षर वि.चं. पहिलीच ओळ: आई, हे पत्र सुधाकरकडे नेऊ नकोस, शाळेतल्या बाईंकडून वाचून घे.
ती ओळ गाळली. पुढचं वाचलं. सुखरूप आहे, गरम फार होतं, पुढच्या वर्षी घरावर मंगलोरी कौलं घालू. काकी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्या बाबानं किती छान लिवलान."

१४ सप्टेंबर
काकी उत्तर लिहून घ्यायला बसल्या. "लिव, पुढच्या गनपतीला ये. सुदा माजी पत्रं वाचतो, काळजी करू नको म्हनावं."
लिहिलं. मग पाकिटावर नाव लिहायची वेळ आली. माझंच नाव, माझ्याच अक्षरात. हात दोनदा थांबला.
उद्या सोमवार. जमादारांपुढे हा पत्ता ठेवला तर कदाचित माझा पासपोर्ट सुटेल आणि वि. तिकडे आत जाईल. नाही ठेवला तर मस्कत गेलं. काकींना तो एकुलता एक मुलगा.
संध्याकाळी काकींनी कुंपणावरून विचारलं, "टाकलास ना रे कागद पेटीत?"
हो म्हणालो.
तांदळाच्या डब्यात आहे, माझ्या दाखल्याशेजारी.