तुमच्या भावाला हुकूम सोडल्याबद्दल

तीर्थरूप वन्सं,

पायांवर डोकं ठेवते (कागदावरूनच, कंबर धरलीय). तुमचा खोकला गेला का? काढा घेताय ना, की नुसताच उकळून ठेवताय? इकडे सगळं बरं आहे, आणि मी तर इतकी खुशीत आहे की गॅसवर काय ठेवलंय ते विसरून लिहायला बसलेय.

तुमच्या भावाच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला. डॉक्टर म्हणाले, चालले नाहीत तर पाय आखडेल आणि कायमचे अंथरुणाला खिळतील. पण हे खुर्ची सोडतील तर शपथ. मी सकाळ-संध्याकाळ विचारायची, "अहो, जरा उठता का?" ते म्हणायचे, "नाही." झालं. (तुम्हाला ठाऊकच आहे, सत्तेचाळीस वर्षांत मी त्यांच्याशी याहून वरच्या आवाजात बोललेली नाही. वाढताना भांडं आपटलं असेल, ते वेगळं.)

त्यातच नातीने मला इंग्रजी शिकवायचं मनावर घेतलं. माझी शाळा दुसरीतच सुटली, म्हणून तिने हुकमांपासून सुरुवात केली. म्हणाली, "आजी, हुकूम ओळखायला सोपा. 'शी वॉक्स' म्हणजे ती चालते, ही नुसती बातमी. एकटं 'वॉक' आलं की हुकूम. कोणाला, ते सांगायचं नाही. समोर असेल त्याला." मला हे फार आवडलं. अहो नाही, जाहो नाही, थोरला-धाकटा नाही. आता सरावाला समोर कोण, तर खुर्चीत तुमचे भाऊ. म्हटलं, "स्टँड अप." आणि वन्सं, ते उभे राहिले. "वॉक" म्हटलं तर चालायला लागले. पस्तीस वर्षं साहेबाच्या दाराशी स्टुलावर काढलीत, इंग्रजी ऐकलं की अंग आपोआप उठत असेल, अशी मी समजूत करून घेतली.

वॉकर ठकठक करत दार, फाटक, वाण्याचं दुकान असं ते थेट कोपऱ्यापर्यंत. मागून मी, हातात केरसुणी तशीच (वाण्याला भलतंच वाटलं). थांबवायचा हुकूम पुढच्या धड्यात होता. "अहो, थांबता का?" विचारलं, तर म्हणाले, "नाही." शेवटी सलून आलं तशी मी "सिट" म्हणाले. ते बसले, आणि सलूनवाल्याने गळ्याला कापड बांधून मशीन फिरवलं. मला दम आवरून बोलता येईपर्यंत अर्धं डोकं झालं होतं. मग उरलेलं तरी ठेवून काय करायचं?

आता रोज कोपऱ्यापर्यंत जातात. डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला आणि चक्क हसले.

तुमची,
भावजय

ता. क. गेल्या रविवारी त्यांना विचारलं, साहेबाच्या इंग्रजीला अजून एवढे घाबरता होय? तर म्हणाले, "इंग्रजीचं काय घेऊन बसलीस. सत्तेचाळीस वर्षं तू विचारत आलीस, मी उत्तर देत आलो. उठा म्हणून सांगितलंस कुठे कधी?"

आणखी एक ता. क. म्हणून तर हे पत्र. तुम्ही घरात थोरल्या. तुमच्या भावाला मी मराठीत सरळ "उठा" म्हटलं तर चालेल का, ते कळवा. कार्डावर "चालेल" एवढंच लिहिलंत तरी पुरे. फक्त तारीख मागच्या सोमवारची घाला, कारण मी म्हणून मोकळी झालेय.