उताराचं पाणी

९ नोव्हें.
शहराच्या अल सुलै भागातल्या गोदामातून उरलेल्या चटया आल्या. इथल्या वाळवंटातली पहिली आंतरराष्ट्रीय स्की जंपिंग स्पर्धा, आणि बर्फ नाही. प्लास्टिकच्या चटया, वर सतत पाणी. कोरडी चटई स्की धरून ठेवते. पाण्याची जबाबदारी माझ्याकडे. पंपावरचे दाऊदभाई दापोलीचे. म्हणाले, "समुद्राचा पानी गोड करून आनला, नि आपन डोंगराला पाजतो. घरी सांगितला तर हसतील." मीही हसले.

११ नोव्हें.
स्पर्धेच्या वेळा लागल्या. पुरुष संध्याकाळी, मुली भर दुपारी दोनला. उलट का नाही, असं प्रोजेक्ट हेड मोहिते सरांना विचारलं.
"अगं, मुलींच्या उड्यांत उतार तपासून होतो."
चहा पीत, सहज.

१३ नोव्हें.
मुलींचा सराव. पाण्याचे तुषार उडून खाली पाहुण्यांसाठी अंथरलेल्या गालिच्यावर गेले. सरांनी वॉकीवर दाऊदभाईंना सांगून पाणी बंद करवलं. मला कळवलं नाही. मी वर टॉवरवर. लक्षात येईपर्यंत फिनलंडची मुलगी सुटली होती. उडी सुंदर. टेकताक्षणी स्की अडकली आणि
गुडघा गेला. स्ट्रेचरवर हेल्मेट पोटाशी धरून होती.
गालिचा कोरडा राहिला.

१४ नोव्हें., शुक्र.
सरांकडे जेवायला. नाही म्हणता आलं नाही. वहिनींनी पुरणपोळी केली होती. "माहेरी आल्यासारखी जेव गं."
मग सर: "रिपोर्टमध्ये वारा घाल. वाऱ्याला कोण जाब विचारतंय?"
"वारा मर्यादेत होता, सर."
"तुला इथं आणलं कोणी? तुझा इकामा, इथं राहायचा परवाना, कंपनीच्या हातात आहे. आपलीच माणसं अशी वागायला लागली तर..."
वहिनी तूप वाढत राहिल्या. त्यांनी सगळं ऐकलं. मी अर्धी पोळी पानात टाकून उठले. आईसमोर पान टाकून उठायची हिंमत झाली नसती.
घरी येऊन रिपोर्ट पाठवला. पाणी बंद होतं. बंद कोणी करवलं, तेही.

१५ नोव्हें.
स्पर्धेचा दिवस. मुलींची वेळ तीच. गालिचा तिथेच. पंप सुरू करून पंपाच्या खोलीला कुलूप घातलं.
"सरांनी इचारला तर?" दाऊदभाई.
"चावी माझ्याकडे आहे म्हणून सांगा."
"मग ती मना दाखवू पन नका."
दोनला थोडा अवकाश आहे. टॉवरवर. खाली चटया चमकतायत, गालिच्याची एक बाजू भिजून गडद झाली आहे. वॉकी बंद केलाय. सर टॉवरच्या जिन्याकडे धावताना दिसले. जिना लांब आहे.
पहिली मुलगी उडीआधी बसायच्या आडव्या बारवर येऊन बसली.