आधी भार काढायचा, मग हात

आई, तुला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि आज तुझ्याशी बोलावंसं वाटलं ते एका कुत्र्याच्या पिल्लामुळे. महिन्यापूर्वी मी ते आणलं. नवरा पुण्याला निघून गेलाय, आता फक्त वकिलामार्फत बोलतो. इथे उत्तरेत, एअरोसिटीतल्या या भाड्याच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी ऑफिसातून आले की मीच कुलूप उघडल्याचा आवाज मला मोठा वाटायचा. म्हणून आणलं. दिवसभर ते बरं असतं, पण दहाला दिवा मालवला की रडायला लागतं. प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं केलं. झोपण्याआधी खाली फिरवून आणलं, पिंजरा पलंगाशेजारी ठेवला, आत माझी जुनी ओढणी घातली. 'रडू द्या, थकून झोपेल,' असंही ते म्हणाले होते. दोन रात्री रडू दिलं. तिसऱ्या रात्री घरमालकीणबाई शाल गुंडाळून वर आल्या. म्हणाल्या, "बेटा, इस पे हाथ रख. माँ से छूटा हुआ है."

मी पिंजऱ्यात हात घालून त्याच्या पोटावर ठेवला. उसासा टाकून ते गप्प झालं, आणि मला अकोल्यातलं तुझं पाळणाघर दिसलं. दुपारचे दोन वाजलेत. सतरंजीवर लोकांची सात-आठ पोरं, तुझा हात कुणाच्या तरी पाठीवर. मी शाळेतून येते, दप्तर टाकते, रांगेच्या शेवटी आडवी होते आणि हळूच तुझा हात माझ्या पाठीवर ओढून घेते. तू तो काढून घेतेस. "तू मोठी आहेस नं? तुझी तू झोप." मी डोळे मिटून पडून राहते. तुला वाटतं, झोपली. पुढे कितीतरी वर्षांनी दादाच्या मुलीला झोपवताना तू मला शिकवलंस, "हात एकदम नाही उचलायचा. आधी भार काढायचा, मग हात."

मी तसंच करते. भार काढते, तळवा उचलते, शेवटी एक बोट उरतं. ते निघालं की पिल्लू जागं. फरशीवर बसूनच उजाडतं आणि ऑफिसात स्क्रीनसमोर पेंगते. साहेबांनी दोनदा बोलावून विचारलं. गेल्या आठवड्यात घरमालकीणबाईच म्हणाल्या, "अंकलजी सो नहीं पाते, बेटा. इसे किसी परिवार वाले को दे दे." त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्या यजमानांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय.

रविवारी पंचकुल्याचं एक कुटुंब पिल्लू बघून गेलं. दोन मुलं, सोबत त्यांची आजी. मुलांनी त्याला खाली ठेवलंच नाही. आजीने विचारलं, "रात को आराम से सो जाता है ना?" मी म्हटलं, "हां जी, चुपचाप." पोटावर हात ठेवावा लागतो, हे सांगितलं नाही.

उद्या सकाळी ते न्यायला येतील. हे पत्र टाकायचं तरी कुठे, म्हणून खरं लिहिते. सांगायचं मी विसरले नव्हते, आई. तिथे पहिल्या रात्री त्याने माझ्यासाठी रडावं, असं मला वाटतंय.