आमच्या दाराची चौकट

शुक्रवार, संध्याकाळ

शेजारच्या सुषमाला नोकरी लागली. धरणग्रस्तांसाठी काम करणाऱ्या त्याच संस्थेत, जिथं मलाही मुलाखतीला बोलावलं होतं. पेढे घेऊन आली अन् आमच्याच चौकटीत उभी राहून हसत होती. नुसता जळफळाट झाला माझा!

मीच तिला म्हटलं होतं, "मार्कं नको सांगू, बुडालेल्या गावाचं सांगजो." तर हिनं काय सांगावं? माझ्या आईनं जुन्या घराची चौकट उखडून बैलबंडीतून नव्या गावठाणात आणली, ते! चौकट आमची, नोकरी तिची. असं कसं?

पेढा खाता खाता आई म्हणाली, "तुले नाही इचारलं का वं घराचं?"

विचारलं होतं, आई. मी कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट पुढे केलं.