तिला चालत नाही ते औषध

ता. ३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुलाचं काम अजून महिनाभर तरी चालेल. माझ्या ठकूनं पाठवलेलं चित्र तंबूत लावलंय. त्यात तू भिंतीएवढी, तुझा हात धरून ती, आणि मी कोपऱ्यात मुंगीएवढी! वर चिठ्ठीत लिहिलंय, मावशीची आमटी आईपेक्षा छान. तिचे केस कापण्याआधी मला विचारलं असतंस तर बिघडलं नसतं. असो. सहा वर्षांची पोर सांभाळतेयस, तोंड उघडायची सोय नाही मला.

लेकीला द्यायचा लोभ थोडा मलाही ठेव.
तुझी धाकटी


ता. ११

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आधी सांगते, ठकू बरी आहे. रविवारी दुपारी तिचा कान ठणकत होता, म्हणून दुकानातून मुलांचं दुखण्यावरचं पातळ औषध आणून दिलं. अर्ध्या तासात अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. तिला उचलून अनवाणीच दवाखान्यात धावले. डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं आणि रात्रभर ठेवून घेतलं. पूर्वी असं कधी झालं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी ठामपणे नाही म्हणाले. तू दोन पानं भरून सगळं लिहून दिलं होतंस ना.

काळजी करू नकोस, जेवत जा.
ताई


ता. १५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झालं होतं, ताई. गेल्या वर्षी दात दुखला तेव्हा याच औषधानं तिचा चेहरा सुजला होता. पुन्हा कधी देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तुला यादी लिहिताना तिथंच पेन अडलं. ती कोणत्या कुशीवर झोपते, कशाला घाबरते, सगळं तुला आधीच ठाऊक होतं. वाटलं, लेकीचं एवढं एक तरी फक्त माझ्यापाशी राहू दे. पुढं कधीतरी सांगू म्हटलं, आणि सांगितलंच नाही. माझ्या जळण्यानं पोरीचा घास घेतला असता.

शनिवारी येतेय. दार उघडशील ना?
धाकटी


ता. १९

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून दोन दिवस लिहायला हात उचलला नाही. तू समोर असतीस तर उचलला असता.

पण माझंही ऐक. दवाखान्यात ठकू सारखी आई, आई करत होती. माझं बोट तिच्या मुठीत, आणि हाक तुला! तेवढ्यात नर्सनं विचारलं, हिची आई कुठंय? मी म्हणाले, मीच. म्हणून डॉक्टरांनी तुला फोन लावला नाही, मलाच विचारलं. तू लपवलंस, मी खोटं बोलले. दोघींच्या मध्ये पोर मात्र घुसमटली.

त्या जातीची दुखण्यावरची औषधं तिला द्यायची नाहीत, आणि दुसरं कुठलंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, असं लाल शाईत कार्डावर लिहून घेतलंय. वर आईच्या रकान्यात माझं नाव आहे. ते तू तुझ्या हातानं खोड.

दार उघडंच असेल.
ताई