छोट्या गाडीतलं मोठं इंजिन

आरमोरी, १२ जाने. १९८६

प्र.नी आज माझ्या गाडीचं जुनं इंजिन काढलं. अंगणातल्या कडुनिंबाला साखळी-कप्पी, खाली बॉनेट नसलेली गाडी, दात दाखवायला आलेल्या पेशंटसारखी आ करून. वेल्डिंगवाले देवाजीभाऊ साखळी ओढत होते आणि प्र. ओरडत होते, "हळू ना भाऊ, हळू!" कारखान्यात बोटं गेल्यापासून नवऱ्याचा इतका मोठा आवाज ऐकला नव्हता. दवाखान्यात पेशंट थांबलेले, तरी ऐकत उभी राहिले.

१९ जाने.

चंद्रपूरच्या लिलावातलं इंजिन आलं. सहा सिलिंडर, कुठल्याशा विलायती मोटारीचं, माझ्या गाडीपेक्षा बरंच नवं. लांबी बघूनच म्हटलं, मावणार नाही.

"मावत काऊन नाई? रेडिएटर समोर सरकवतो, मंधातला पत्रा कापतो."

मंधातला म्हणजे माझ्या पायाशी असलेला! गाडी माझी, पण विचारतो कोण.

असो. आज कामाच्या नादात जेवायला दोनदा हाक मारावी लागली. एरवी ताट समोर ठेवलं तरी हलत नसत. फाटकाबाहेर मात्र अजून पाऊल नाही. जखम कधीच भरली, पण लोक हाताकडे बघतात म्हणे.

२ फेब्रु.

उजव्या हाताला तीन बोटं. नट निसटतो, शिवी, परत तोच नट. मी पुढे होत नाही. एकदा झाले होते, दिवसभर अबोला.

१६ फेब्रु.

चालू झालं! आवाज इतका एकसारखा की वाटलं बंदच पडलं. प्र. डोळे पुसत होते. धूर गेला म्हणे. धूर कुठे होता?

ब्रह्मपुरीच्या रस्त्याला फेरी मारून आले. पाय टेकला की गाडी पळते. कबूल करते, मजा आली. येऊन म्हटलं, "चला ना तुम्हीही." "नाई. तूच ये जाऊन."

२७ फेब्रु.

दुपारी नदीपलीकडून बोलावणं, बाळंतपण अडलेलं. पाणी ओसरलं की लोक रेतीवर धानाचं तणस टाकून रस्ता करतात, नेहमीचाच. पूर्वीही गाडी रुतायची, पण चार माणसं नाक उचलून बाजूला ठेवायची, हसत हसत. आज नाक बंपरपर्यंत आत गेलं. आठ जणांना हललं नाही. एक म्हातारा म्हणाला, "डॉक्टरबाई, गाडीले काय खाऊ घातलं जी?"

बॅग घेऊन रेतीतून चालत निघाले. पोचले तेव्हा मूल झालेलं, बाईचा रक्तस्राव थांबत नव्हता. थांबला, वाचली. अजून थोडा उशीर झाला असता तर… लिहवत नाही. परतले तोवर गाडी बैलांनी ओढून काढलेली.

घरी सांगितलं, केस अवघड होती. खोटं नाही. पण खरंही नाही.

३ मार्च

देवाजीभाऊंना जुनं इंजिन हवंय, धानाच्या पाण्याच्या पंपाला. प्र. खुशीत. "देऊन टाकू ना? आपल्याले काय कामाचं?"

म्हटलं, थांबा.

"काऊन?"

मग सगळं सांगितलं. रेती, आठ माणसं, ती बाई. सांगताना त्यांच्याकडे बघवलं नाही. सांगायला नको होतं? पण नदीपलीकडे अजून चारजणींचे दिवस भरत आलेत.

प्र. उठले. अंगणातला दिवा मालवून आत आले.

५ मार्च

दोन दिवस पुन्हा ताट समोर नेऊन ठेवतेय. मनात स्वतःला किती शिव्या घातल्या.

आज चहा घेता घेता प्र. एकदम, "आठ माणसांनी पण नाई उचललं?"

"नाही."

"समोरचं वजन लय झालं. दोन दिवसांपासून तोच हिशोब करून राह्यलो, इथी बसून नाई कळत. उद्या नदीवर चल. मले जागा दाखव."

म्हणजे फाटकाबाहेर. भर दिवसा, माणसांत. किती महिने मी हेच म्हणत होते, आणि आता निघतायत ते स्वतःची चूक बघायला. दाखवायला मी.

लांब बाह्यांचा शर्ट त्यांनी इस्त्रीला काढून दिलाय. इस्त्री करतेय. मधेच वाटतं, उद्या गाडी चालूच झाली नाही तर बरं. लगेच वाटतं, होऊ दे.