जागच्या जागी वळणारे यंत्र

काटोल रोड, नागपूर
आश्विन शुद्ध त्रयोदशी, शके १९०६

तीर्थस्वरूप यमुताईच्या चरणी धाकट्या गिरिधरचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे, तुझा दमा आणि तुझा शेजार हे तिन्ही या ऋतूत कसे वागत आहेत, ते सविस्तर कळव. (वैद्यांनी गडाच्या पायऱ्या वर्ज्य केल्या असताना तू नवरात्रात दोनदा वर जाऊन आलीस, हे मला तुझ्या पत्रासोबत आलेल्या प्रसादावरून कळले. अपराध्याने पुरावा स्वतःच टपालाने धाडल्याचे हे पहिलेच उदाहरण असावे.) तुझे पत्र काल पोहोचले. अक्षर थोडे हलले आहे. चष्म्याचा नंबर तपासून घे.

माझी प्रकृती उत्तम आहे. हे वाक्य शिष्टाचार म्हणून लिहिलेले नाही. खुलासा म्हणून लिहिले आहे. आमच्याकडे स्वयंपाकाला असणाऱ्या रुखमाबाईंचा भाचा रामटेकच्या बसवर कंडक्टर आहे, आणि 'सर घासाच्या गाडीवरून पडले' ही वार्ता त्याने तिकिटांबरोबर वाटली, असे तुझ्या पत्रावरून दिसते. या एवढ्याशा वाक्यात दोन चुका आहेत. मी पडलो नाही, मला उतरवून घ्यावे लागले. आणि ती गाडी नाही, यंत्र आहे. ज्याने चौतीस वर्षे गणित शिकवले त्याच्याविषयीची बातमी तरी अचूक असावी, एवढी माझी माफक अपेक्षा आहे. म्हणून झाला प्रकार आरंभापासून लिहितो.

दोन वर्षांपूर्वी मुकुंद कायमचा परत यायला निघाला होता, हे तुला ठाऊक आहे. 'निघाला' हे क्रियापद त्याच्या सामानाला लागू पडले, त्याला नाही. अकरा वर्षे कॅन्ससमध्ये काढल्यावर माझ्या या एकुलत्या एका मुलाने राजीनामा लिहिला, घरातले सामान जहाजाने पुढे धाडले, आणि राजीनामा खिशातच राहिला. कारण वरिष्ठांनी बढती दिली. मग 'बाबा, एकच वर्ष' आले. मग नातीच्या नावाने 'उत्तराची शाळा' आली. आणि गेल्या श्रावणात पाच ओळींचे पत्र आले की, आता येणे दिसत नाही, ते यंत्र विकून टाका, उगाच गंजेल. (पाचांपैकी तीन ओळी यंत्राविषयी होत्या.) यंत्राने मात्र शब्द पाळला. ते मुंबईच्या गोदीतून मालगाडीने, लाकडी खोक्यात बसून, वेळेवर आले. खोक्यावर मुकुंदाच्या अक्षरात 'ही बाजू वर' असे लिहिले होते. त्या फळ्या मी अद्याप जळणात जाऊ दिलेल्या नाहीत. लाकूड चांगले आहे.

तू 'मुकुंदाने पाठवलेले धूड' असा ज्याचा उल्लेख करतेस, त्याचे काम गवत कापणे हे आहे. घरामागची सव्वा एकर जमीन तुला आठवत असेल. उत्तराला धावायला हिरवळ हवी, असे मुकुंदाने तेव्हा लिहिले होते. म्हणून मी ज्वारीची धसकटे काढवली आणि हरळीचे ठोंब दोरी धरून, वीतवीतभर अंतरावर, माझ्या डोळ्यांदेखत लावून घेतले. (आमचा माळी लहानू याला अंतर डोळ्यांनी मोजायची खोड आहे. ती मी मोडली.) मुकुंद येईपर्यंत गवत तयार असावे, अशी योजना होती. गवताने आपले काम मुदतीत केले.

आता यंत्र. त्याला वळवण्याचे चाक नाही. बसणाऱ्याच्या दोन हातांशी दोन दांडे असतात. दोन्ही पुढे ढकलले की ते पुढे जाते, दोन्ही मागे ओढले की मागे येते, आणि एक पुढे, एक मागे केला की जागच्या जागी गर्रकन फिरून, आले त्या दिशेकडे तोंड करते. वळणाची त्रिज्या शून्य, असे त्याच्या पुस्तिकेत छापले आहे. शून्य त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे बिंदू आणि बिंदूला लांबी-रुंदी नसते, हे मी जन्मभर फळ्यावर लिहीत आलो. त्या बिंदूत बसून सलग सहा वेळा फिरल्यानंतर माणसाला काय होते, याविषयी मात्र पाठ्यपुस्तकांत काही नाही. पहिल्या दिवशी मला लिंबाचे सरबत घ्यावे लागले.

पुस्तिकेतले मराठीत आणून मी 'शून्यत्रिज्य तृणकर्तन-यान : निर्धोक चालनाचे बेचाळीस नियम' हे टिपण तयार केले. उतारावर आडवे चालवू नये. ओल्या गवतावर चालवू नये. खड्डा, बांध वा पाणी यांच्या कडेला जाऊ नये. दगड, तारा, हाडे आधी वेचून घ्यावीत. इंजिन तापलेले असता पेट्रोल भरू नये. शेजारी कोणालाही बसवू नये. यंत्र चालू असता आसन सोडू नये. मुकुंदानेही खोक्यात स्वहस्ते लिहिलेला एक कागद ठेवला होता. त्यावर एकच नियम होता आणि त्याखाली दोन रेघा होत्या : 'सुरू करण्याआधी उत्तरा कुठे आहे ते पाहावे.' (तिकडे ती एकदा मागून धावत आली होती म्हणे.) तो मी पहिला नियम केला. सोयीने अपवाद करू लागले की नियमाची सूचना होते, म्हणून गेली दोन वर्षे दर रविवारी मी आसनावर बसतो आणि विचारतो, "लहानू, उत्तरा कुठे आहे?" लहानू मैदानभर नजर फिरवतो आणि सांगतो, "अमेरिकेत हाय जी." मग मी किल्ली फिरवतो.

एकदा तो म्हणाला, "सर, पोट्टी इथं नाईच, तं दरवेळी काहून पुसून राहिले जी?" मी त्याला नियम आणि नियमाचे प्रयोजन यांतला भेद पाऊण तास समजावून दिला. तेव्हापासून तो विचारत नाही. आधी मैदानाकडे पाहतो, मग माझ्याकडे पाहतो, आणि उत्तर देतो.

बेचाळिसांपैकी एकही नियम लहानूला पाठ नाही आणि यंत्र तो दोन बोटांनी चालवतो. "बैलजोडी हाय जी हे. डावा रोकला का डावीकडे वळते, उजवा रोकला का उजवीकडे. याले पुस्तक कायले पाह्यजे?" एवढ्यात त्याचा अभ्यासक्रम आटोपला. या युक्तिवादातला दोष मी शोधतो आहे. तो असलाच पाहिजे.

असो. यंत्र विकायचे ठरले. (ठरवले मुकुंदाने, माझ्याकडे केवळ अंमलबजावणी होती.) कोराडीकडे कोळशाचे ट्रक चालवणारे रुपराव नावाचे गृहस्थ गिऱ्हाईक म्हणून आले. नव्या बंगल्यापुढे त्यांना हिरवळ करायची आहे. खंडेनवमीला यंत्र चालताना पाहायचे आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर न्यायचे, असा त्यांचा बेत होता. रुखमाबाईंनी मला सकाळपासून दोनदा बजावले, "आज त्याची पूजा करा, सर. आज अवजाराले राबवू नोका." अवजाराला विसाव्याची जाणीव नसते, असे मी त्यांना सांगितले. तरीही त्यांनी यंत्राला हळदकुंकू लावले, चारही चाकांखाली लिंबे ठेवली, आणि झेंडूचा एकच घसघशीत हार दोन्ही दांड्यांना मिळून बांधला. पुढचा सारा अनर्थ त्यांच्या या भाविकपणातून झाला.

सैल वस्त्रे वर्ज्य, हा चौथा नियम. नीट नेसलेले धोतर हे सैल वस्त्र नव्हे, हे मी कोणत्याही सभेत सिद्ध करीन; परंतु परक्या माणसापुढे वाद नको, म्हणून ट्रंकेतली मुकुंदाची कॉलेजातली पँट काढून घातली. ती मला कमरेला आवळली आणि पावलांशी घागऱ्यासारखी पसरली. (त्या काळी मुलांमध्ये तीच तऱ्हा होती. मी तेव्हाही नापसंती व्यक्त केली होती.) दोन्ही घेर पोटऱ्यांना सुतळीने बांधून घेतले. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. रुपरावांनी तोंडाकडे नेलेली सुपारी त्यांच्या हातातच राहिली.

मी आसनस्थ झालो आणि विचारले, "उत्तरा कुठे आहे?"

"अमेरिकेत हाय जी."

रुपरावांनी लहानूला हळूच विचारले, "हे कोन हाय गा?"

"सरायची नात हाय. इथं नाई ना, म्हनून पुसतेत."

हे मला ऐकू आले. मी किल्ली फिरवली.

लिंबे चिरडून यंत्र निघाले आणि पहिली वीस पावले इतक्या सरळ रेषेत गेले की मला समाधान वाटले. मग, वळण दाखवावे म्हणून, मी उजवा दांडा मागे ओढला. तो आला नाही. हाराने दोन्ही दांडे एकमेकांना जखडले होते, आणि त्याचा पुढे लोंबणारा फास पायाजवळच्या खुंटीत अडकून दोघांनाही पुढेच धरून होता. (हार सुतळीत ओवलेला होता. आमच्याकडची सुतळी दुर्दैवाने चांगली निघते.) ज्याची सारी ख्याती जागच्या जागी वळण्याबद्दल, त्या यंत्राला आता नाकासमोर जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

मी गोंधळलो नाही. मी नियमांची क्रमाने उजळणी सुरू केली. किल्ली बंद करावी, हे एकोणिसाव्या नियमात आहे. अकराव्याशी जास्वंदीचे कुंपण गेले. चौदाव्याशी रुखमाबाईंचे वाळत घातलेले लुगडे माझ्या मुखावर आले, त्यामुळे पुढची उजळणी अंधारात करावी लागली. लहानू ओरडत होता, "सर, उठा! उठा नं जी, उठलं का बंद पडते ते!" हे सत्य आहे. आसनावरचा भार गेला की इंजिन थांबते, अशी त्याची रचना आहे. परंतु यंत्र चालू असता आसन सोडू नये, हा सातवा नियम मीच ठळक अक्षरांत लिहिला होता, आणि आपणच लिहिलेले मोडायची मला सवय नाही. रुपराव यंत्रापुढे सरळ धावत होते. (डावीउजवीकडे भरपूर जागा होती, पण धावणाऱ्याला भूमिती सुचत नाही.) शेवटी ते पेरूच्या झाडावर गेले. यंत्र शेणखताच्या ढिगात निम्मे शिरले, उजवीकडे कलले आणि थांबले. मी सतराव्या नियमावर होतो.

लुगडे दूर झाले तेव्हा पेरूवरून आवाज आला, "सर, आता उतरू का जी?" मी अनुमती दिली. ते उतरले, ढिगाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "गाडी पटली मले. पन याले थांबवाले दरवेळी एवढं खत लागते का?" मी हाराचे कारण सांगितले. त्यांनी माझ्या पँटीकडे, मग माझ्याकडे पाहिले आणि आवाज उतरवून म्हणाले, "राहू द्या, सर. याचा मालक आला का पाहू." आणि गेले. अशिक्षित माणसांना कधीकधी नको तेवढे कळते.

नुकसान असे : उजवा दांडा वाकला, एक पाते दुमडले, लुगडे गेले (नवे आणून दिले आहे, रंग त्यांना पसंत नाही). पँटीचा डावा पाय फाटला होता. तो मी स्वतः शिवून ती ट्रंकेत होती तशी ठेवली आहे. विक्री मोडली याचा मला खेद आहे. मुकुंदाची सूचना व्यवहाराला धरून होती आणि ती पाळण्यात मी कसूर केली नाही, हे तूही मान्य करशील.

भाऊबीजेला नेहमीच्या बसने येतो. चिवड्यात यंदा साखर नको.

तुझा आज्ञांकित,
गिरिधर

ता. क. मुकुंदाला यंत्राचे मी कळवले आहेच. तूही एक पत्र लिही. माझे पत्र तो वाचतो, तुझे ऐकतो. नागपुरात हे कोणालाही दुरुस्त करता येत नाही, त्याची रचना जाणणारा माणूसच प्रत्यक्ष यायला हवा, असे तुझ्या शब्दांत लिही. एक महिना पुरेल. नाताळच्या सुटीत उत्तराची शाळाही बुडणार नाही. कायमचे येण्याविषयी मात्र अवाक्षर काढू नकोस, आणि मी सांगितले असे तर मुळीच लिहू नकोस.

दुसरे. लहानूने तो दांडा दगडावर ठेवून, हातोड्याने, अर्ध्या तासात सरळ केला. पातेही केले. यंत्र पूर्वीपेक्षा बरे चालते. हे पत्रात लिहायचे नाही.

तिसरे. रुखमाबाईंविषयी वर लिहिले आहे ते खोडायला हवे होते. पण पत्रात खाडाखोड मला खपत नाही. लिंबे त्यांची. हार माझा. तो मी सकाळी सीताबर्डीला जाऊन आणला, सुतळीत पुन्हा ओवून घेतला आणि मीच बांधला. मुकुंद खंडेनवमीला सायकलच्या दोन्ही मुठींना मिळून एकच हार बांधत असे, सुमती आईच्या नात्याने त्याची बाजू घेऊन फुले निवडून देई, आणि मी दरवर्षी तो कापायला लावत असे. असा हार बांधला की वळता येत नाही, हे त्याला मीच समजावून सांगत आलो आहे. त्यामुळे मला ते ठाऊक नव्हते, असे म्हणता येणार नाही.

चौथे. आज रविवार. पत्र पाकिटात घालण्याआधी यंत्र बाहेर काढवले आणि पहिला नियम विचारला. लहानूने मैदानाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि नेहमीचे उत्तर दिले नाही. म्हणाला, "येऊन राहिली असन जी." या उत्तरावर यंत्र सुरू करावे, असे बेचाळिसांत कुठेही लिहिलेले नाही. मी उतरलो. गवत तसेच ठेवले आहे.